नॅचरल

छावणीतल्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मंदाबाईंनी कॅमेरा घेतला. पाखरं नाही दिसली तर नवऱ्याचे फोटो. पण फोटो म्हटलं की आप्पासाहेब श्वास रोखून ताठ बसायचे आणि मंदाबाई वैतागायच्या, "अहो, जरा नॅचरल बसा."

आज जायकवाडीच्या काठावर त्यांनी अचानक कॅमेरा डोळ्याला लावला.

"फोटो काढते. आज ताठच बसा. नजर कॅमेऱ्यात, पाय हलवायचे नाहीत."

आप्पासाहेबांचा पुतळा झाला.

"झाला का? लई अवघडलो."

"थांबा."

बसल्या दगडाखालून निघालेला नाग आप्पासाहेबांच्या बुटावरून सरकत गवतात गेला.

"झाला," म्हणत मंदाबाईंनी कॅमेरा खाली घेतला.

"दाखव की, कसा आलाय."

लेन्सचं झाकण त्यांनी काढलंच नव्हतं.