चाळिसावा दिवस

मिर्सिनी पिंडोसच्या डोंगरांत लांब पल्ल्याच्या शर्यती पळायची. बाळ झालं आणि सासूने तिचे बूट धुऊन, आत कागद कोंबून माळ्यावर टाकले. बाळंतिणीने चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, ही तिथली रीत.

"शरद ऋतूतली शर्यत मी पळणार आहे, आई."

"तुझा नवरा पळतोय ना?" सासू सूप ढवळत म्हणाली. "घरात एक वेडा पुरे. तू आता आई झालीस."

"तोही बाप झालाय."

"तोंड चालतंय तेवढं बास, पाय नकोत. उद्या चाळिसावा दिवस, बाळाला घेऊन पाद्र्याचा आशीर्वाद घ्यायचा. बाळंतिणीचं पहिलं पाऊल चर्चकडेच पडायला हवं, एवढं तरी पाळशील का?"

"पाळीन. कुठलंही चर्च चालेल?"

दोन घरं सोडून चर्च होतं. सासू निर्धास्तपणे म्हणाली, "देवाचं घर ते. कुठलंही चालेल."



सकाळी प्रेषित एलियासच्या चर्चच्या पायरीवर पाद्री आणि बाळाला घेतलेली सासू वाट बघत उभे होते. मिर्सिनीने निवडलेलं हे चर्च डोंगराच्या पार टोकावर, म्हणून तिच्या नवऱ्याने त्यांना जीपने वर आणून सोडलं होतं.

पायवाटेच्या वळणावर आधी माळ्यावरचे बूट दिसले, मग मिर्सिनी. तिने घाम पुसला आणि सासूच्या हातातून बाळ घेतलं.



"पहिलं पाऊल चर्चकडेच टाकलं, आई. पुढची तेवढी जरा भरभर पडली."