बिनभट्टीचा गोळा

“सांगून कुणाला खरं वाटणार नाही, पण हा गोळा शोधून काढला तो मी! एकट्याने!”

बेकरीवाले आजोबांनी टेबलावर मूठ आपटली, तसा बिस्किटांचा चुरा उडाला. वृद्धाश्रमाच्या या खोलीत विस्तव पेटवायला बंदी होती. त्यामुळे चाळीस वर्षं भट्टीपुढे भाजून निघालेला हा माणूस दर गुरुवारी बिनभट्टीचा खाऊ करायचा आणि वर थापा मारायचा. सगळे ऐकत ऐकत गोळे वळायचे.

खिडकीपाशी बसणाऱ्या बाई तेवढ्या हात मांडीवर ठेवून बाहेर बघत राहायच्या. तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

“उद्या त्यांना वरच्या मजल्यावर हलवतायत,” सिस्टर हळूच म्हणाली. “तिथे गेलेलं कुणी खाली येत नाही. एक शब्द जरी बोलल्या असत्या ना, तर मी डॉक्टरांशी भांडले असते.”

“आज बोलतं करतो. नाहीतर मिशी उतरवीन!”

“गेल्या गुरुवारीही उतरवणार होतात.”

“उतरवली की. ही नवी आहे.”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

आजोबांनी चुऱ्यात कोको टाकला, कंडेन्स्ड मिल्कचा डबा उपडा केला आणि परात उचलून ते थेट बाईंच्या शेजारी जाऊन बसले.

“तर काय झालं, राजवाड्यातून सांगावा आला. पाचशे पाहुणे, आणि माझी भट्टी विझलेली!”

“मागच्या वेळी जहाज होतं,” पलीकडच्या आजींनी टोकलं. “त्याच्या आधी सर्कस.”

“जहाज राजाचंच होतं हो! मधे बोलू नका.” त्यांनी आवाज चढवला. “मी डगमगलो नाही. बिस्किटं कुस्करली, गोळे वळले. राजा बोटं चाटत राहिला. आणि माझी बायको? कोपऱ्यात बसून रडत होती. तिला काय सुचणार!”

“शोभतं का हे या वयात?” आजी फणकारल्या.

एक ओबडधोबड गोळा वळून आजोबांनी बाईंच्या तळव्यावर ठेवला.

बाईंनी गोळ्याकडे पाहिलं. तो मोडला. दोन्ही तळव्यांत घेऊन पुन्हा वळला, गुळगुळीत, गोल.

“अहो, किती खोटं बोलाल!” त्या म्हणाल्या. “राजा कुठला? आपल्या चिमीचा वाढदिवस होता. केक जाळलात तुम्ही, रडत बसलात तेही तुम्हीच. बिस्किटं मी कुस्करली!”