भंगारातला सायलेन्सर

भंगारवाल्याकडे आमच्याच मॉडेलची एक पिकअप पडली होती. तोंड पार चेपलेलं, पण मागची बाजू धडधाकट. माझ्या बायकोने, शालनने, वाकून तिचा सायलेन्सर माठ पारखावा तसा बोटाने वाजवून पाहिला. "खणखणीत आहे! हाच घ्या." नव्याच्या नुसत्या भावाने आम्ही महिनाभर हबकलो होतो, हा भंगाराच्या दरात मिळाला.

शेजारच्या वेल्डरने आमचा सडका सायलेन्सर कापून हा जोडला. मी चावी फिरवली, खाली उतरून बोनेटवर हात ठेवला, तेव्हा कुठे गाडी चालू असल्याची खात्री पटली! शालनने तर टाळ्याच वाजवल्या.

आमच्या नर्सरीतली रोपं मागे भरून आम्ही लगेच बाजाराला निघालो.

"घाट आलाय, दार नीट लाव!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"लावलंय!" तीही तशीच ओरडली. मग एकमेकांकडे बघून आम्ही खो खो हसत सुटलो. इतकी वर्षं या गाडीत आम्ही असंच बोलत आलो होतो.

घाट उतरताना बारीक गुणगुण ऐकू आली. जोड सुटला की काय? गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, तरी आवाज चालूच! वळून पाहिलं, तर शालन खिडकीबाहेर बघत गात होती.

"तू गाडीत गातेस?"

"रोजच गाते की," ती लाजून गप्प झाली.

"थांबू नकोस!" मी पुन्हा ओरडलोच.