ताशी चाळीस

मी निर्दोष सुटलो. पण हे घडलंच नाही असं धरून चला; मीही तोच प्रयत्न करतोय.

बायपासवर ताशी शहाण्णवच्या वेगाचं चलन आलं, तेव्हा मशीनच बिघडलंय असं मी घरी ठोकून दिलं. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, म्हणजे आमचे अण्णा, एवढे पेटले की विनाअपघात सेवेचा बिल्ला शर्टावर लावून थेट कोर्टात साक्षीला उभे राहिले.

"साहेब, पोरगा चाळीसच्या वर जातच नाही. मी मागं बसतो ना रोज! परवा तर मागून आलेली वरात आम्हाला ओलांडून पुढं गेली. नाचत नाचत!"

न्यायाधीश हसले, हवालदारही हसला, चलन रद्द झालं.

बाहेर येताच अण्णांनी डेपोतल्या जुन्या मित्राला फोन लावला. "पोरगा माझ्यावर गेलाय रे!"

अण्णा मागे बसलेले असतात, तेव्हाच मी चाळीसने जातो. चलनाच्या दिवशी मी एकटा होतो.

तरी माननीय न्यायालयास नम्र विनंती, की अर्जदारास दोषी ठरवून दंड दुप्पट करावा, आणि ही बाब साक्षीदारास कधीही कळू देऊ नये.