मरळीची राखण

“वर्ष उलटलं, नुसती सुकट! धाकट्या डहाणूहून वेणू कोळणीची पाटी येईल तेव्हा आमची चूल पेटायची. नदी दारात, आणि मासे विकत!” रूपी पुटपुटली. पुटपुटली अशी, की पुढे बसलेल्या लाहूदादापर्यंत पोचावं.

लाहूदादाने मागे पाहिलं नाही. तो गावसभेचा अध्यक्ष होता. अध्यक्षाला मागचं ऐकू येत नाही.

पाड्यावरची तीस-चाळीस माणसं डोहाच्या काठी कातळावर बसली होती. भात पोटरीला आलं होतं, पाणी निवळायला लागलं होतं. सरकारने ओढे-डोह गावसभेच्या हाती दिले होते, म्हणून आता अशा गोष्टी बसून ठरायच्या. आज एकच ठरवायचं होतं. डोहावरची बंदी ठेवायची की उठवायची.

बंदी गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली. एका सकाळी डोहातले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते, आणि पाण्याला विहिरीत टाकायच्या पावडरचा वास येत होता. गावसभेच्या वहीत लिहिलं गेलं, ‘बाहेरच्या लोकांनी औषध टाकले.’ बाहेरचे कोण, कुठले, हे कोणी विचारलं नाही. पाड्यातल्या विहिरींत पावडर टाकायचं काम रूपीच्या नवऱ्याकडे, काकड्याकडे आहे, हेही कोणाला आठवलं नाही. मासे वाया जायला नकोत म्हणून घरोघर टोपल्या भरून गेले, ते वहीत नाही. तेव्हापासून डोहात जाळं नाही की गळ नाही.

लाहूदादा उभा राहिला. “मासे परत आलेत म्हणतात. मी म्हणतो, बंदी उठवू. आपण नाही नेले तर बाहेरचे येतील, परत औषध टाकतील. त्यापेक्षा आपल्या पोरांच्या तोंडी लागलेले बरे.”

“बरोबर आहे,” रूपी मोठ्याने म्हणाली. तिला मासे तर हवेच होते. त्याहून जास्त हवं होतं की या डोहाचा विषय एकदाचा संपावा.

“मग करा हात वर.”

हात वर जायला लागले. पहिला काकड्याचा.

“थांबा रे जरा,” सुकी म्हणाली. ती पाड्यातली सगळ्यात म्हातारी, आणि सगळ्यांच्या पुढे, पाण्यात पाय सोडून बसलेली. “ते बघा.”

उंबराच्या सावलीत पाणी लाल झालं होतं. सुपाएवढा लाल डाग. तो हलला, बुडाला, पुन्हा वर आला, आणि पाण्यावर बारीक तडतड झाली, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी.

“मरळीची पिल्लं,” तुक्या म्हणाला. तो पाड्यातला गळवाला. वर्षभर गळ आढ्याला खोचून बसलेला.

हजार असतील. दोन हजार. एकेक तांदळाच्या दाण्याएवढं, आणि सगळी मिळून एकदम श्वास घ्यायला वर येत होती.

“खाली मोठी असणार.” तुक्याचा आवाज आपोआप खाली आला होता. “गळाला बेडूक लावून त्या लालीत सोडायचा. राखणीला असते ना, झेप घेतेच. दोन मिनिटांचं काम.”

खरं होतं ते. मरळ अशीच मारतात. तिच्या पोरांच्या आडून.

तेवढ्यात काठावरचा एक बेडूक, कोणी न सोडता, स्वतःच्या अकलेने लालीत उडाला. पाणी फुटलं. हाताएवढी काळी मरळ अर्धी बाहेर आली. बेडूक उडून थेट तुक्याच्या पायाशी पडला. लाल डाग नाहीसा झाला. पुढे बसलेल्यांची तोंडं भिजली, पण कोणी पुसली नाहीत. वर गेलेले हातही तसेच राहिले. ते खाली घ्यायचं कोणाला सुचेना.

मग मरळ पुन्हा वर आली. घाई नाही. हवेचा एक घोट घेतला, आणि तिच्याभोवती थोडी थोडी लाली जमायला लागली.

“आई असेल ना गं?” कोणीतरी विचारलं.

“बापही असेल. मरळीत बापही पोरं राखतो,” सुकी म्हणाली. “बघून घ्या, बाप्यांनो.”

एरवी हसले असते.

मरळ पिल्लांभोवती फेरी घालत होती. एकच फेरी, एकाच बाजूने. काठाजवळून जाताना तिचा काळा डोळा माणसांकडे असायचा. पलीकडून जाताना दुसरा दिसायचा. तो पांढरा होता, शिजलेल्या माशाचा असतो तसा. भोवतालची कातडी सोलून पुन्हा भरलेली. पिल्लं सगळी त्या आंधळ्या बाजूला. त्यांना ती बघतच नव्हती. चांगला डोळा तिने जगाकडे ठेवला होता.

“म्हणजे ही तेव्हाची, औषधातून वाचलेली,” तुक्या म्हणाला. पायाशी पडलेला बेडूक त्याने उचलला आणि मागे, गवतात सोडून दिला.

मरळीची आणखी एक फेरी झाली. पांढरा डोळा रूपीसमोरून गेला.

लाहूदादा खाकरला. “तेच म्हणतो मी. एवढी मोठी मरळ आहे म्हटल्यावर बाहेरचे काय सोडतात? त्यापेक्षा आपणच...”

“लाहूदादा.” रूपी उभी राहिली होती. या वेळी ती पुटपुटली नाही. “बाहेरचं कोणी आलंच नव्हतं.”

काकड्याचा हात खाली आला.

“पावडरीची गोण आमच्या घरातली होती,” रूपी म्हणाली. “टोपल्या सगळ्यांच्या.”