मूळ आवाज

सोमवारी नवऱ्याच्या हृदयातला व्हॉल्व्ह बदलणार होते, त्यामुळे सुमनताईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा घेऊन गराजपाशी आल्या, तर मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, “व्हॉल्व्ह जुनेच ठेवू. नवे घातले, की मूळ आवाज जातो.” त्या कप घेऊन तशाच आत शिरल्या. “अरे, सर्जन तर बदलाच म्हणाले!” “कुठला सर्जन, आई?” मिहीर चक्रावला. “आपलं गणपती मंडळ जुना अँप्लिफायर टाकून देत होतं, तो गिटारसाठी कन्व्हर्ट करतोय. ह्या काचेच्या ट्यूब्जनाही व्हॉल्व्हच म्हणतात. आता माइकचं सॉकेट काढायचंय.” सुमनताईंना हसू फुटलं, पण डोक्यातला गोंधळ काही निवळेना. ह्याच अँप्लिफायरवरून लंडनमधल्या ईलिंगच्या गणपतीत नवऱ्याच्या आरत्या हॉलभर घुमायच्या. “पण बाबांना नवा बसवल्यावर त्यांचा आवाज तोच राहील ना रे?” “राहील गं,” मिहीर म्हणाला, आणि माइकचं सॉकेट काढायला घेतलेला पाना त्याने हळूच खाली ठेवला.