हर्षदचं घड्याळ

"हे बोलतं घड्याळ कुणी सांभाळत नाही. काढू या ना?" लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली सांभाळणाऱ्या गटातल्या सहकाऱ्याने विचारलं.

प्रणालीतली जुनी पॅकेजं, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, काढायचं काम मंजिरीकडे होतं. हे घड्याळ तिच्या भावाने, हर्षदने केलेलं. दर तासाला वेळही त्याच्याच आवाजात सांगायचं. तो गेल्यापासून घड्याळाला वाली उरला नव्हता. ते वापरणारंही कुणी लोकांच्या कॉम्प्युटरांकडून येणाऱ्या आकडेवारीत दिसेना. नियम सगळ्यांना सारखा, म्हणत तिने ते काढून टाकलं.

रविवारी माहेरी तिने नेहमीसारखा अण्णांचा कॉम्प्युटर अपडेट केला. वापर कळवायची सोय त्यावर तिनेच बंद ठेवली होती. काढलेली पॅकेजं तिथूनही आपोआप पुसली गेली.

दिवेलागण होऊन बराच वेळ झाला. दृष्टी गेलेले अण्णा संध्याकाळची गोळी मुठीत धरून कॉम्प्युटरशेजारी बसून होते.

"मंजू, अजून सात वाजले नाहीत का गं? हर्षद काही बोलला नाही."